काळ्या मातीतले शिसे आणि कॅडमियम पावसाच्या आम्लाने विहिरीत उतरते का?

आपला प्रश्न मी समजलो तसा आधी मांडतो. इंदूरच्या उत्तरेला, सांवेरच्या बाजूला आपले काळ्या मातीचे शेत आहे. बांधालगत कान्ह नदीला मिळणारा नाला आहे आणि वडिलांच्या काळापासून उन्हाळ्यात त्याच नाल्याचे पाणी पालक, मेथी, कोथिंबिरीला दिले जाते. नाल्याच्या वरच्या अंगाला लहान कारखाने आहेत. यंदा आपण घराच्या पत्र्यावरून गळणाऱ्या पावसाच्या पाण्यात पीएचची कागदी पट्टी बुडवली आणि तिचा रंग पाचाच्या जवळचा आला. त्यानंतर आम्लवर्षेमुळे मातीतले जड धातू सुटतात आणि भूजलात जातात असे आपल्या वाचनात आले. म्हणून आपण दोन गोष्टी विचारता: विहिरीला धोका आहे का, आणि शेतात चुना घालावा का, घालायचा तर किती?

माझे आयुष्यभराचे काम माळव्यातल्या मातीच्या आणि विहिरींच्या पाण्याच्या परीक्षणाचे आहे, त्यामुळे उत्तर त्याच अनुभवाच्या चौकटीत देतो. आपण हे एकाच धोक्याविषयी विचारले असले, तरी त्यात तीन स्वतंत्र गोष्टी गुंतल्या आहेत. मातीत धातू किती साठला आहे, त्यातला किती पाण्यात विरघळण्याच्या स्थितीत आहे, आणि पाणी कोणत्या वाटेने खाली जाते. आम्लवर्षेचा संबंध प्रामुख्याने दुसऱ्या गोष्टीशी येतो, आणि आपल्यासारख्या जमिनीत नेमकी तीच बाजू सर्वांत भक्कम असते. त्यामुळे चुना घालू नका, हे आताच सांगून ठेवतो. विहिरीचे पाणी मात्र अवश्य तपासा, पण त्याची कारणे आपण वाचलेल्या कारणांहून वेगळी आहेत.

जड धातू मातीत सुटे फिरत नसतात. काही अंश चिकणमातीच्या कणांच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटलेला असतो, काही कार्बोनेटमध्ये अडकलेला, काही लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडवर बसलेला, काही सेंद्रिय पदार्थाने धरून ठेवलेला, आणि उरलेला मूळ खनिजाच्या जाळीत बंदिस्त असतो. पाण्यात आम्ल आले की त्यातले हायड्रोजन आयन चिकणमातीवरच्या धातूची जागा घेतात, कार्बोनेट विरघळवतात, आणि सामू (म्हणजे पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) पुरेसा खाली गेला तर ऑक्साइडवरची पकडही सैल करतात. तत्त्वतः सामू एकाने उतरला की जस्तासारख्या द्विसंयुजी धातूची विद्राव्यता शंभरपटीपर्यंत वाढू शकते. प्रत्यक्ष मातीत पृष्ठभागांची पकड आडवी येते आणि वाढ पुष्कळ कमी, म्हणजे काही पटींची राहते. सगळे धातू एकाच वेळी सुटत नाहीत. सामू साडेसहा-सहाच्या खाली जाऊ लागला की कॅडमियम आणि जस्त आधी हलतात, त्यांच्या मागोमाग निकेल. तांबे आणि शिसे हट्टी असतात. सामू पाचाच्या आसपास किंवा त्याखाली गेल्याशिवाय ते ठळकपणे जागा सोडत नाहीत. हे आकडे मातीगणिक थोडे पुढेमागे होतात, पण क्रम सहसा बदलत नाही.

आता प्रश्न असा की पाऊस आपल्या मातीचा सामू सहाच्या खाली नेऊ शकतो का? माळव्याच्या काळ्या मातीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो, आणि तिच्यात चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, खडे व बारीक कण मिसळलेले असतात. हिशेब हातानेही करता येतो. समजा आपल्याकडचा पाऊस खरोखरच चांगला आम्लधर्मी आहे, त्याचा सामू साडेचार आहे, आणि वर्षाला ९५० मिलिमीटर पडतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. तेव्हा वर्षभरात ९५ लाख लिटर. इतक्या पाण्यातले सगळे आम्ल मारायला सुमारे १५ किलो कॅल्शियम कार्बोनेट लागते. एका हेक्टरच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचे वजन ढोबळमानाने वीस लाख किलो धरतात. तिच्यात केवळ दोन टक्के चुनखडी असली तरी साठा ४० हजार किलो होतो. पंधराने भागा: अडीच हजार वर्षांहून अधिक. पावसाचा सामू चार धरला, जो आपल्याकडे वर्षभर सरासरीने असणे मला शक्य वाटत नाही, तरी वर्षाला ४८ किलोच्या आत काम भागते आणि साठा आठशेहून अधिक वर्षे पुरतो. तोही फक्त वरच्या थराचा. खाली सहसा चुनखडी वाढतच जाते.

या हिशेबात मी एक गोष्ट गाळली आहे, ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. चुनखडी केवळ आम्लवर्षेने विरघळत नाही. मुळे आणि जिवाणू श्वसनातून कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याचे पाण्यात कार्बोनिक आम्ल बनते, आणि ते वर्षाला पावसातल्या आम्लाहून कितीतरी अधिक चुनखडी हलवते. शिवाय खते आहेत. शंभर किलो अमोनियम सल्फेटपासून जितके आम्ल तयार होऊ शकते ते मारायला ११० किलो कॅल्शियम कार्बोनेट लागते. शंभर किलो युरियासाठी पुस्तकी आकडा ऐंशी किलोच्या आसपास आहे. म्हणजे दर हंगामात युरियाची दोन पोती टाकणारा शेतकरी आपल्या शेतात आभाळापेक्षा कितीतरी जास्त आम्ल स्वतःच्या हाताने टाकत असतो, आणि तरीही माळव्याची काळी माती पिढ्यान्‌पिढ्या अल्कधर्मी राहिलेली आहे. मातीचा हा राखीव साठा किती मोठा आहे हे एवढ्यावरून दिसावे.

याचा पुरावा आपल्या शेतातही आहे. सोयाबीन किंवा गव्हाला दोन-तीन वर्षांनी झिंक सल्फेट घालावे लागते ना? मातीत जस्त मुळात पुष्कळ असते, पण अल्कधर्मी, चुनखडीयुक्त मातीत ते इतके घट्ट बसते की पिकाला मिळत नाही. कॅडमियम हे आवर्त सारणीत जस्ताच्या थेट खालचे मूलद्रव्य आहे आणि मातीत त्याचे वागणे बरेचसे जस्तासारखेच असते. जी माती पिकाला जस्त देताना कंजुषी करते, ती कॅडमियमही सहजासहजी सोडणार नाही. मी शेतकऱ्यांना हे समजावतो तेव्हा आकडेमोडीपेक्षा झिंकच्या पिशवीचा मुद्दा त्यांना लगेच पटतो.

मग आपण वाचले ते चूक होते का? नाही, फक्त ते दुसऱ्या मातीविषयी होते. आम्लवर्षा आणि धातू यांचा अभ्यास जिथे सर्वाधिक झाला, त्या स्कँडिनेव्हियात आणि कॅनडात ग्रॅनाइटसारख्या खडकावर उथळ माती आहे, तिच्यात चुनखडी जवळजवळ नसते आणि सामू मुळातच पाचाच्या आसपास असतो. कॅनडातल्या सडबरीत तर निकेल आणि तांब्याच्या भट्ट्यांच्या धुरांड्यांतून सल्फर डायऑक्साइड आणि धातूंची धूळ दोन्ही एकाच परिसरावर पडत राहिले. तिथे उजाड झालेल्या टेकड्यांवर १९७८पासून चुना पसरून वनस्पती पुन्हा उभ्या करण्याचे काम हाती घेतले गेले. दक्षिण चीनच्या लाल मातीवरही अशा प्रयोगांची परंपरा आहे: नळकांड्यात माती भरायची, वरून साडेतीन, साडेचार, साडेपाच अशा सामूचे कृत्रिम पावसाचे पाणी सोडायचे आणि खालून पाझरणाऱ्या पाण्यात धातू मोजायचे. कमी सामूच्या पाण्याने कॅडमियम आणि जस्त जास्त निघतात, हा निष्कर्ष खरा आहे. पण तोच प्रयोग आपल्या काळ्या मातीवर केला तर खालून निघणारे पाणी बहुतेक वेळा पुन्हा अल्कधर्मी होऊनच बाहेर पडते आणि वरच्या पाण्याच्या सामूतला फरक त्यात जवळजवळ पुसला जातो. आपले कुणी नातेवाईक रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जांभ्या मातीत बागायती करत असतील तर त्यांना मी हे उत्तर जसेच्या तसे देणार नाही; तिथली माती मुळातच आम्लधर्मी आहे आणि तिच्यात चुनखडीचा हा साठा नाही.

आपल्या पट्टीच्या वाचनाविषयीही थोडे बोलायला हवे. शुद्ध पाऊसही हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ५.६च्या आसपास सामूचा असतो, त्यामुळे पाच म्हणजे फार मोठी आम्लता नव्हे. पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की कागदी पट्टीवरचा रंगच पाण्याचा सामू बदलून टाकतो. अशा पाण्याला पट्टी विश्वासार्ह नाही, त्यासाठी नीट जुळवलेले मीटर लागते. मध्य आणि उत्तर भारतात उन्हाळ्याची कॅल्शियमयुक्त धूळ हवेत असते आणि ती पावसातले बरेचसे आम्ल वाटेतच मारते, त्यामुळे आपल्याकडे पावसाचा सामू अनेकदा सहाच्या वर असतो. भारतीय हवामान खात्याच्या पुणे, नागपूर यांसारख्या केंद्रांवर गेल्या काही दशकांत पावसाचा सामू उतरत गेल्याचे मात्र नोंदले गेले आहे, म्हणून हा विषय कायमचा निकालात काढावा असे मी म्हणत नाही. २०२०पासून बीएस-६ इंधन आल्यावर डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत पन्नासावरून दहावर आले, त्याने वाहनांचा वाटा घटला. कोळशाचा वाटा राहिलाच. आणखी एक बारीकशी गोष्ट. पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर त्यावरून गळणाऱ्या पाण्यात जस्त येतेच. सौम्य आम्लाचा पाऊस आपल्या मातीपेक्षा आपल्या पत्र्याचे अधिक नुकसान करतो.

येथपर्यंतचा अर्थ एवढाच की चुनखडीयुक्त काळ्या मातीत पावसाच्या आम्लाने शिसे आणि कॅडमियम सुटून विहिरीत उतरण्याचा मार्ग जवळजवळ बंद आहे. पण 'जवळजवळ' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला, कारण या नियमाला जे अपवाद आहेत ते आपल्या शेतात नेमके संभवतात.

सर्वांत महत्त्वाचा अपवाद भेगांचा आहे, आणि त्यावर लोक फार कमी बोलतात. आपली माती फुगणाऱ्या चिकणमातीची असल्याने मे महिन्यात तिला बोटभर ते चार बोटे रुंद भेगा पडतात, आणि कित्येकदा त्या कमरेइतक्या खोल जातात. मी वर केलेला हिशेब असे गृहीत धरतो की पाणी मातीच्या कणाकणांतून झिरपत जाते आणि प्रत्येक कणाला त्याचे आम्ल व धातू पकडण्याची संधी मिळते. जूनच्या पहिल्या जोरदार सरीचे पाणी तसे जात नाही. ते पृष्ठभागावरून वाहत भेगेत शिरते आणि वरचा मीटरभर थर चुकवून थेट मुरमापर्यंत पोचते. ते जाताना वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमधली बारीक, धातूने लादलेली माती कणांसकट घेऊन जाते. शिसे आणि तांबे विरघळून फारसे प्रवास करत नाहीत, पण कणांवर स्वार होऊन ते करू शकतात. माळव्यात मुरमाखाली दख्खनच्या पठाराचा भेगाळ बेसाल्ट आहे, उथळ विहिरी त्याच थरातून पाणी घेतात, आणि नाल्याकाठची विहीर तर थेट नाल्याच्याही संपर्कात असते. त्यामुळे पहिल्या पावसानंतर विहिरीचे पाणी गढूळ होत असेल तर ती माझ्या दृष्टीने सामूपेक्षा मोठी सूचना आहे. अशा वेळी पावसाचा सामू चार आहे की सात, याने काडीचाही फरक पडत नाही. पाऊस येण्यापूर्वी एक उथळ वखरपाळी देऊन भेगांची तोंडे बुजवणे आणि विहिरीचा काठ दोन फूट उंच बांधून भोवती उतार बाहेरच्या बाजूला ठेवणे, या साध्या गोष्टी इथे कोणत्याही रसायनापेक्षा उपयोगी आहेत.

दुसरा अपवाद एकवटलेल्या आम्लाचा. पावसाचे आम्ल अतिशय पातळ असते, पण लोखंडाला मुलामा देण्यापूर्वी ते आम्लात बुडवून साफ करणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्याचा सामू दोनपर्यंत खाली असू शकतो, आणि त्यात जस्त, निकेल, क्रोमियम आधीच विरघळलेले असतात. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढणारे लोक आतले गंधकाम्ल जमिनीवर ओततात. तिथे शिसे आणि आम्ल एकाच जागी येते. अशा जागी काही चौरस मीटरपुरती चुनखडी खरोखर संपते आणि त्या ठिकाणी पाठ्यपुस्तकातले सगळे तसेच घडते. बॅटऱ्यांच्या हाताळणीचे नियम २००१मध्ये आले, २०२२मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. तरी शेताच्या आसपास असा धंदा कधी चालत होता का, हे गावातल्या वृद्धांना विचारून पाहा. माती तपासताना सरासरी नमुना घेतला तर असे ठिगळ हिशेबात बुडून जाते, म्हणून जिथे गवत उगवत नाही किंवा मातीला वेगळा रंग आहे तिथला नमुना वेगळा ठेवा.

तिसरा अपवाद क्रोमियमचा आहे, आणि चुना नको म्हणण्याचे मुख्य कारण हेच. शिसे, कॅडमियम, जस्त, निकेल हे धनभारित आयन आहेत. सामू वाढला की ते बसतात. षट्‌संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे अधिक विषारी रूप) आणि आर्सेनिक पाण्यात ऋणभारित आयनांच्या रूपात असतात आणि त्यांचे गणित उलटे चालते: सामू जितका वर, तितकी मातीची पकड ढिली. मुलाम्याच्या कारखान्यांचे पाणी नाल्यात येत असेल, तर आपल्या अल्कधर्मी मातीत आणखी चुना टाकणे म्हणजे जे आधीच सुटे आहे त्याला आणखी वाट करून देणे. मातीत भरपूर सेंद्रिय पदार्थ असेल तर षट्‌संयुजी क्रोमियमचे रूपांतर त्रिसंयुजी क्रोमियममध्ये होऊ शकते आणि ते घट्ट बसते. चुन्याने ते घडत नाही. शिवाय आपल्याकडे सोयाबीन आधीच लोहाच्या कमतरतेने पिवळे पडते. चुन्याने ती तक्रार वाढेल, जस्ताचीही वाढेल, आणि खर्च होईल तो वेगळाच.

चौथा अपवाद सांडपाण्यातल्या विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थाचा. ताज्या सांडपाण्यातले आणि कच्च्या शेणखतातले सेंद्रिय रेणू तांबे, निकेल आणि काही अंशी शिसे यांना पकडून स्वतःबरोबर पाण्यात फिरवतात, आणि हे अल्कधर्मी सामूलाही घडते. क्षारांचे प्रमाण जास्त असेल तर क्लोराइड कॅडमियमशी जोडी बांधून त्याची हालचाल वाढवते. सतत पाणी साचणाऱ्या भागात हवा संपते, लोह-मँगनीजचे ऑक्साइड विरघळू लागतात आणि त्यांच्यावर बसलेले धातू मोकळे होतात. आपल्या शेतात श्रावणात पाणी तुंबणारी पट्टी असेल तर तिथे हा प्रकार लक्षात ठेवा.

आता काय तपासावे ते सांगतो. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात. त्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, जस्त, तांबे वगैरे येतात, पण शिसे आणि कॅडमियम येत नाहीत. त्यासाठी अणू अवशोषण वर्णपटमापी (धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणारे यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेत वेगळा नमुना द्यावा लागेल. देण्याआधी घरच्या घरी एक परीक्षा करा. मातीच्या कोरड्या ढेकळावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका, डोळ्यांना चष्मा लावून आणि चेहरा दूर ठेवून. खळखळून फेस आला तर मातीत मुक्त चुनखडी पुरेशी आहे आणि आम्लवर्षेची काळजी आपण बाजूला ठेवू शकता. हीच परीक्षा एक हात खोलीवरच्या मातीवरही करा. दोन्ही ठिकाणी अजिबात फेस आला नाही, आणि सामूही सातच्या खाली निघाला, तर मी वर लिहिलेले पुष्कळसे पुन्हा तपासावे लागेल. नाल्याच्या गाळाने किंवा भरावाच्या मुरमाने बनलेल्या शेतात असे आढळू शकते.

धातूंसाठी नमुना घेताना फक्त वरची माती देऊ नका. पंधरा सेंटिमीटरपर्यंत, पंधरा ते तीस, तीस ते साठ आणि साठ ते नव्वद असे चार थर वेगळे घ्या. याचे कारण असे की आपली माती बेसाल्टपासून बनली आहे आणि बेसाल्टमध्ये तांबे, निकेल, क्रोमियम, जस्त मुळातच भरपूर असतात. तांबे किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास निघाले तरी ते कारखान्याचे असेल असे नाही. शिसे मात्र बेसाल्टमध्ये फार कमी, किलोमागे काही मिलिग्रॅमच असते. चारही थरांत आकडा सारखा असेल तर धातू खडकाचा. वरच्या थरात जास्त आणि खाली झपाट्याने कमी होत असेल तर तो बाहेरून आलेला आणि वरच अडकलेला. वर जास्त आणि साठ सेंटिमीटरखालीही पुन्हा वाढलेला दिसला, तर भेगांतून माल खाली जात आहे असा माझा पहिला संशय असेल. नमुन्यासाठी जस्ताच्या मुलाम्याची बादली किंवा घमेले वापरू नका. प्लास्टिकचे घ्या, नाहीतर जस्ताचा आकडा आपल्याच बादलीचा निघेल. एकूण धातूबरोबर डीटीपीए (मातीतला सैल धरलेला धातू ओढून घेणारे रसायन) द्रावणाने निघणारा धातूही मोजायला सांगा. एकूण आकडा साठा सांगतो, डीटीपीएचा आकडा त्यातला पिकाच्या आवाक्यात किती आहे ते सांगतो, आणि नुसत्या एकूण आकड्याने घाबरलेली माणसे मी फार पाहिली आहेत.

विहिरीच्या पाण्याचे निकष स्पष्ट आहेत. भारतीय मानक १०५००नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३, निकेल ०.०२ आणि एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. नमुन्याच्या दोन बाटल्या भरा. एकीतले पाणी गाळून मग त्यात प्रयोगशाळेने दिलेले नायट्रिक आम्ल टाका, दुसरीत न गाळता टाका. गाळलेल्यात धातू कमी आणि न गाळलेल्यात जास्त निघाला तर तो कणांवर आलेला आहे. तेव्हा इलाज विहिरीच्या काठावर आणि भेगांवर करायचा. दोन्हींत सारखाच निघाला तर तो खरोखर विरघळलेला आहे आणि मग नाल्याकडे संशयाने पाहायला हवे.

खरे सांगायचे तर आपल्या पत्रात मला विहिरीपेक्षा भाजीची चिंता जास्त वाटली. नाल्याच्या पाण्यातून दरवर्षी थोडा थोडा धातू शेतात येतो, सेंद्रिय भाग कुजून जातो आणि धातू तिथेच राहतो. कॅडमियमने पीक आजारी दिसण्याच्या कितीतरी आधी ते पानांत माणसाला नको इतके साठू शकते, आणि पालक त्यात पुढे आहे. पालेभाज्यांसाठी अन्नसुरक्षेची मर्यादा किलोमागे शिसे ०.३ आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम आहे. मातीच्या अहवालाबरोबर पालकाचाही एक नमुना द्या. पानांवरचे शिसे बहुतांशी धुळीचे असते आणि दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात धुतल्याने बरेच जाते. कॅडमियम पानाच्या आत असते, ते धुऊन जात नाही. आकडा वर निघाला तर त्या तुकड्यात पालेभाजी थांबवून कापूस किंवा फुले घ्या. शेवंती आणि झेंडूला इंदूरच्या बाजारात मागणी असतेच.

मातीची पकड वाढवायचीच असेल तर पक्व कंपोस्ट घाला. या बाबतीत आपण इंदूरकर भाग्यवान आहोत: १९२४मध्ये येथे उभ्या राहिलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी जी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली, तिच्यात ढिगात माती आणि लाकडाची राख मिसळून आम्लता आवरली जाते, आणि ढीग वेळोवेळी उलटून पूर्ण कुजवला जातो. पूर्ण कुजलेले कंपोस्ट धातू धरून ठेवते. अर्धवट कुजलेले उलट त्यांना पाण्यात फिरवते, हे वर आलेच आहे. शहराच्या कचऱ्याचे खत विकत घेत असाल तर त्याचा अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे शिसे १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, आणि ओला-सुका कचरा घरातच वेगळा झालेला असेल तर त्याखाली राहणे अवघड नसते. सिंगल सुपर फॉस्फेटमध्येही खडकातून आलेले थोडे कॅडमियम असते, तेव्हा स्फुरद अहवाल पाहून द्या, सवयीने नको.

विहिरीचा पहिला नमुना मेअखेरीस, पाणी सर्वांत खाली असताना घ्या, आणि दुसरा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांच्या आत, पाणी गढूळ असले तरी. किंबहुना गढूळ असेल तर नक्कीच. नाल्याच्या पाण्याचाही एक नमुना त्याच दिवशी भरा आणि त्यात षट्‌संयुजी क्रोमियम वेगळे मोजायला सांगा. त्या बाटलीत मात्र आम्ल टाकायचे नाही, ती बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची. अहवाल आल्यावर मातीचे चारही थर, दोन्ही वेळचे पाणी आणि पालक यांचे आकडे एकत्र पाठवा. सुटे सुटे आकडे पाहून मला काही सांगता येणार नाही.